ग्राफिक डिझाइनची वाट: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

निकाल लागले की ग्राफिक डिझाइनबद्दलची पत्रं वाढतात. या अंकात मराठवाड्यातून आलेले प्रश्न घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि नावं, पत्ते गाळले आहेत.

मुलगी बारावी विज्ञान झाली. इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा तिने ए ग्रेडमध्ये पास केली आहे. गावातले एक क्लासवाले म्हणतात, सहा महिन्यांत डिझायनर करून देतो. मग चार वर्षांच्या कॉलेजची गरज काय?
एक पालक, गंगाखेड

सहा महिन्यांत सॉफ्टवेअर येतं, आणि तेवढंच येतं. मथळा किती मोठा ठेवायचा, ओळ कुठे तोडायची, दोन रंगांतला कोणता पुढे आणायचा, हे कळायला भरपूर सराव लागतो आणि चुकलेलं तोंडावर सांगणारे शिक्षक लागतात. कॉलेजात ते मिळतात. क्लास लावायचाच असेल तर पदवीच्या जोडीला लावा.

रस्ते दोन आहेत. पहिला बीएफए (ललित कला शाखा), विषय उपयोजित कला. चार वर्षांची पदवी, बारावी कुठल्याही शाखेची चालते. प्रवेश राज्य सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या कला परीक्षेतून होतो. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या खोलीभाड्याचं ओझं टळतं. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. तिथे जायचं असेल तर त्यांची प्रवेशसूचना स्वतंत्रपणे पाहा.

दुसरा रस्ता बी. डिझाइनचा. त्यासाठी आयआयटी मुंबई ‘यूसीड’ ही प्रवेश परीक्षा घेते आणि अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) ‘डॅट’ घेते. यूसीडचे अर्ज साधारण ऑक्टोबरात भरले जातात आणि परीक्षा जानेवारीत होते, म्हणजे बारावीचा निकाल लागल्यावर जागं होऊन उपयोग नाही. लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून दोनदाच ती देता येते. इथे सुबक चित्रापेक्षा निरीक्षण आणि तर्क जास्त तपासतात. फी मात्र शासकीय कला महाविद्यालयाच्या मानाने बरीच जास्त असते, तेव्हा शिष्यवृत्तीची चौकशी आधीच करा.

इंटरमिजिएटचा पाया तिला सीईटीत उपयोगी पडेल, पण सरावाची दिशा बदलावी लागेल. वस्तुचित्रात बहुतेक मुलं शेडिंगच्या मागे लागतात आणि आकार आधीच चुकलेला असतो. तांब्या डोळ्यांच्या पातळीखाली ठेवला असेल तर तोंडाच्या लंबगोलापेक्षा बुडाचा लंबगोल जास्त उघडा, जास्त गोल दिसतो. मुलं बुडाला सरळ रेघ मारतात आणि तांब्या हवेत तरंगू लागतो. स्मरणचित्रात चेहऱ्यांवर वेळ घालवू नका. आठवडी बाजार, बसस्थानक, पाण्याच्या टँकरभोवतीची गर्दी असे विषय घ्या. एक माणूस जवळ, दोन मधल्या अंतरावर आणि मागे गर्दी, अशी मांडणी घड्याळ लावून पूर्ण करायला शिकवा. अर्धवट राहिलेल्या सुंदर चित्रापेक्षा पूर्ण झालेलं साधं चित्र जास्त गुण आणतं.

तीन वर्षांपासून फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉवर काम करतो. श्रीलिपीत टायपिंग चांगलं आहे. फोटोशॉपमध्ये मराठी पेस्ट केलं की वेलांटी दुसऱ्या अक्षरावर जाते, जोडाक्षरं फुटतात. यातून पुढे जायचं तर काय शिकू?
एक वाचक, परभणी

तुमच्या प्रश्नातच पुढचा रस्ता आहे. मराठी अक्षर शुद्ध आणि देखणं बसवणारे लोक पुण्या-मुंबईच्या एजन्सीतही पुरेसे नाहीत. इंग्रजीत सुरेख काम करणारी मुलं मराठी मजकूर आला की अडखळतात. तुमचा हात तिथे आधीच बसलेला आहे.

आधी वेलांटीचं बघू. देवनागरीत वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर आणि दिसते आधी. ही अदलाबदल सॉफ्टवेअरने करायची असते. अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये ते इंजिन बऱ्याचदा बंद असतं. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमध्ये जाऊन टाइप उघडा, तिथे ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. जुन्या आवृत्तीत त्याच जागी ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असं लिहिलेलं असतं. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ घ्या. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइपमध्ये ‘शो इंडिक ऑप्शन्स’वर टिक करा. हे केल्यावर नवा मजकूर नीट येतो, पण आधी टाकलेला आपोआप सुधारत नाही. तो सिलेक्ट करून पॅराग्राफ पॅनलमधून कंपोझर बदलावा लागतो. बरेच जण इथेच फसतात आणि फॉन्टला दोष देतात.

आता श्रीलिपी. या जुन्या पद्धतीत मराठी अक्षराचं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. म्हणून फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तो मजकूर वेबसाइटवर टाकता येत नाही, शोधता येत नाही, मोबाइलवर पाठवता येत नाही. जुन्या कोरलमध्ये युनिकोड (प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) मराठी नीट बसत नाही म्हणून दुकानात श्रीलिपी टिकली, हे समजण्यासारखं आहे. पण एजन्सीत, दैनिकात, वेबसाइटच्या कामात युनिकोड लागतंच. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड महिनाभर रोज अर्धा तास बडवा, हात बसतो. जुना मजकूर कन्व्हर्टरने बदलता येतो, मात्र बदलल्यावर रफार, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’, ‘द्ध’ आणि ‘द्व’, ‘ॲ’ आणि आकडे डोळ्यांनी तपासा. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतला ‘र’ वेगळा आहे, आणि कन्व्हर्टर नेमका तिथे घसरतो.

युनिकोड फॉन्ट फुकट आणि कायदेशीर मिळतात. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मुक्त आणि बालू, गूगलचा नोटो, आणि खास मराठीसाठी बांधलेला टिरो देवनागरी मराठी, एवढ्यांवर बरीच वर्षं काढता येतील. यांचा परवाना खुला आहे, गिऱ्हाइकाच्या कामात वापरले तरी पैसे द्यावे लागत नाहीत. फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ पाहा. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवला आहे. बरेच फॉन्ट मात्र आधी हिंदी वळणाचं अक्षर दाखवतात. इनडिझाइनच्या कॅरेक्टर पॅनलमध्ये भाषा ‘मराठी’ केली आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर अक्षर आपोआप बदलतं. या कामाची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. विंडोजसोबत येणारा ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. त्यांचं काम शोधून बघा, अक्षराकडे पाहायची नजर तयार होते.

ओळींतलं अंतर हा आणखी एक मुद्दा. इंग्रजीत १० पॉइंटच्या अक्षराला १२ पॉइंट अंतर पुरतं. मराठीत वर रफार-मात्रा आणि खाली उकार असतो, म्हणून १४.५ ते १६ ठेवा. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला चिकटतो. आणि शब्द रुंद दिसावा म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते.

पोर्टफोलिओत वाढदिवसाचे साठ बॅनर नकोत. आठ ते दहा कामं पुरेत. एखाद्या कृषी सेवा केंद्राचा पूर्ण संच करा: पाटी, बिलबुक, पिशवी, व्हिजिटिंग कार्ड, मोबाइलवर टाकायची जाहिरात. प्रत्येक कामाखाली दोन ओळी लिहा: अडचण काय होती, माप किती, कशावर छापलं. पीडीएफ १० एमबीच्या आत ठेवा, कारण बघणारा ती बहुधा मोबाइलवर उघडतो. मुलाखतीत अनेकदा मराठी मजकूर हातात देऊन तिथेच पत्रक करायला सांगतात. तुम्ही तयार आहात का हे त्या तासाभरात कळतं.

कोचिंग क्लासचं ए-५ पत्रक फोटोशॉपमध्ये केलं. मोबाइलवर झकास दिसलं. छापून आलं तर निळा जांभळा झाला, बारीक अक्षरं धुरकट आणि कडेला लाल-निळी छटा. प्रेसवाले म्हणतात फाइल खराब. चूक कुणाची?
एक वाचक, लातूर

लक्षणांवरून तरी फाइलची. पत्रक पुन्हा कसं करायचं ते सांगतो.

धुरकट अक्षराचं कारण काळा रंग आहे. आरजीबीतला (पडद्याच्या रंगांतला) काळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) आणला की फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगवर तो साधारण सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७, ब्लॅक ९० असा होतो. म्हणजे तुमचं ८ पॉइंटचं अक्षर चार प्लेटांवर चार वेळा छापलं गेलं. कागद छपाईत किंचित ताणला जातो, प्लेट केसभर सरकते. मोठ्या चित्रात ते दिसत नाही. पण अनुस्वार आणि वेलांटीचा शेंडा दीड-दोन दशांश मिलिमीटर इकडेतिकडे झाला की कडेला लाल-निळी झाक येते आणि ‘ध’, ‘घ’ मधली पोकळी भरून जाते. मजकुराचा काळा कायम सायन, मॅजेंटा, यलो शून्य आणि ब्लॅक १०० ठेवा. तो एकाच प्लेटवर येतो.

दुसरं कारण म्हणजे मजकूर फोटोशॉपमध्ये टाकून जेपीजी पाठवणं. जेपीजीत अक्षर ठिपक्यांचं होतं, कडा मऊ पडतात. फोटो फोटोशॉपमध्ये दुरुस्त करा, मजकूर इनडिझाइन, इलस्ट्रेटर किंवा कोरलमध्ये बसवा, आणि प्रेसला पीडीएफ द्या. फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच भरा, किंवा कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाका. कर्व्ह न केलेली मूळ फाइल वेगळी ठेवा, नाहीतर उद्या फोन नंबर बदलायचा झाला तर सगळं पुन्हा टाइप करावं लागेल.

निळ्याचं असं आहे की पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि कागदावर शाई असते. मोबाइलवरचा झगझगीत निळा चार शाईंत बसतच नाही. शिवाय सायन १०० आणि मॅजेंटा ९०-१०० असा निळा छापताना जांभळ्याकडे झुकतो. मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० ने कमी ठेवा: १०० ला ७० किंवा ६०.

कागद सांगायचं तुम्ही विसरलात. पत्रकं बहुधा ७० जीएसएम वजनाच्या मॅपलिथोवर (साध्या, बिनचकाकीच्या कागदावर) निघतात. हा कागद शाई पितो, ठिपका पसरतो, गडद फोटो आणखी काळवंडतात. आर्ट पेपरवर चारही शाईंची बेरीज ३०० टक्क्यांपर्यंत चालते, मॅपलिथोवर ती २६० च्या आत ठेवा आणि फोटो आधीच थोडे उजळा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं मराठी अक्षर ९ पॉइंटपेक्षा लहान नको.

माप: ए-५ म्हणजे १४८ गुणिले २१० मिलिमीटर. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड) धरून फाइल १५४ गुणिले २१६ ची करा. मजकूर कापायच्या रेघेपासून ५ मिलिमीटर आत. फोटो खऱ्या मापाला ३०० डीपीआय (इंचाला ठिपके). वॉट्सॲपवर आलेला गुणवंतांचा फोटो ३०० डीपीआय केला म्हणजे चांगला होत नाही, फक्त आकडा बदलतो. क्लासकडून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा.

आणि छापण्याआधी प्रूफवर क्लासचालकांची सही घ्या. विद्यार्थ्यांची नावं, टक्के आणि फोन नंबर दोन माणसांनी वाचावेत, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ यादीवर बोट ठेवायचं. लातुरात निकालाच्या दिवसांत पत्रकं रात्रीतून निघतात, चुका त्याच रात्री होतात.

जालन्यात बियाण्यांच्या पाकिटांचं डिझाइन करणाऱ्या ठिकाणी मुलाखत आहे. आजवर फक्त सोशल मीडियाच्या पोस्ट केल्या आहेत. काय तयारी करू?
एक वाचक, जालना

पॅकेजिंग हे मराठवाड्यात बसून करता येणाऱ्या डिझाइनमधलं सगळ्यात भरवशाचं काम आहे. जालन्यात बियाणं, वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत इतर माल. पोस्ट चुकली तर पुसता येते. पाकीट बहुधा ग्रॅव्ह्यूअरवर छापतात, तिथे प्रत्येक रंगाला एक कोरलेला सिलिंडर असतो. अक्षर चुकलं तर त्या रंगाचा सिलिंडर नवा करावा लागतो. म्हणून इथे नीटनेटक्या माणसाची किंमत कलाकारापेक्षा जास्त आहे.

मुलाखतीला जाण्याआधी बाजारातली चार-पाच रिकामी पाकिटं आणा, उलगडून सपाट करा आणि पट्टीने मोजा. सीलची पट्टी किती रुंद आहे? साधारण ८ ते १० मिलिमीटर असते आणि तिथे मजकूर ठेवत नाहीत, कारण उष्णतेने तो दबतो. कडेला एक लहान गडद चौकोन दिसेल. तो आय मार्क. भरणाऱ्या मशीनचा सेन्सर तो वाचून पाकीट कुठे कापायचं ते ठरवतो. त्या पट्ट्यात दुसरं काही छापलं तर मशीन चुकीच्या जागी कापतं. घड्या, सील आणि आय मार्क दाखवणाऱ्या आराखड्याला कीलाइन म्हणतात. डिझाइन नेहमी कीलाइनवर करायचं आणि ती वेगळ्या लेअरवर लॉक करून ठेवायची.

पाकिटाची फिल्म (प्लास्टिक) पारदर्शक असते. छपाई आतल्या बाजूने उलटी होते आणि मागून पांढरी शाई येते. जिथे पांढरं द्यायला विसरलात तिथे रंग फिका, आरपार दिसतो. पांढऱ्याचा स्वतंत्र स्पॉट रंग (चार शाईंबाहेरचा वेगळा रंग) करायला शिका. दोन रंग भिडतात तिथे फट पडू नये म्हणून ०.२ ते ०.३ मिलिमीटर ट्रॅपिंग, म्हणजे एकावर एक चढलेली कड, देतात. बारीक मजकूर एकाच रंगात.

बारकोड ईएएन-१३ असेल तर त्याचं मूळ माप ३७.२९ गुणिले २५.९३ मिलिमीटर. ८० टक्क्यांपेक्षा लहान करू नका, दोन्ही बाजूंची रिकामी जागा खाऊ नका, आणि रेघा लाल करू नका. स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला लाल रेघ पांढरी दिसते. रेघा फिल्म धावते त्या दिशेला समांतर ठेवा, म्हणजे शाई पसरली तरी जाडी बदलत नाही.

बियाण्यांचा म्हणून वेगळा भाग आहे. लेबलचा रंग डिझायनरने ठरवायचा नसतो: पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा आणि कंपनीच्या स्वतःच्या हमीवरच्या सत्यप्रत बियाण्याला हिरवट. लॉट नंबर, तपासणीची तारीख, मुदत हे भरताना छापतात. त्यासाठी कोरी, फिकट जागा सोडा. तिथे गडद रंग आला की शाईचे आकडे दिसत नाहीत आणि शेतकऱ्याला मुदत वाचता येत नाही. बियाण्याला औषध चोळलेलं असेल तर ते खाण्यासाठी, जनावरांसाठी, तेलासाठी वापरू नये हा इशारा ठळक हवा. कपाशीचं बोंड कितीही सुंदर काढलं तरी हा मजकूर कोपऱ्यात कोंबलेला असेल तर ते डिझाइन वाईट.

एक पाकीट स्वतः उलगडून, त्याची कीलाइन काढून, त्यावर तुमचं डिझाइन बसवून न्या. सोशल मीडियाच्या पन्नास पोस्टपेक्षा ते एक काम जास्त बोलेल.

एका दुकानदाराला लोगो करून दिला. पैसे अर्धे आले. आता तो ‘ओपन फाइल’ मागतो. द्यावी का? आणि दर कसा ठरवायचा?
एक वाचक, नांदेड

ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, पैसे पूर्ण आल्याशिवाय देऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने केलेल्या लोगोचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तोच असतो. नोकरीत, कामाचा भाग म्हणून केलेला असेल तर नोकरी देणारा पहिला मालक. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. दुकानदाराला लोगो कायमचा हवा असतो आणि तो त्याला मिळायलाही हवा. तेव्हा कोटेशनमध्येच लिहा: पूर्ण पैसे मिळाल्यावर लोगोचे सर्व हक्क कायमस्वरूपी दिले जातील. त्याच कागदावर किती पर्याय दाखवणार, किती दुरुस्त्या फुकट (दोन पुरेत), कोणत्या फाइल देणार हे लिहा. निम्मे आगाऊ, उरलेले अंतिम फाइल देण्याआधी. दुरुस्तीच्या काळात पीएनजीवर वॉटरमार्क टाकून पाठवा.

दरासाठी शेजारच्या दुकानाकडे बघू नका, तासांकडे बघा. समजा महिन्याला घरी २४,००० न्यायचे आहेत आणि वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर, हप्ता मिळून ६,००० जातात. एकूण ३०,०००. महिन्यात प्रत्यक्ष बिलाचे तास १०० च्या वर क्वचित निघतात, बाकी फोन, फेऱ्या, वसुली. म्हणजे तासाला ३००. लोगोला भेट, स्केचेस, पर्याय, दुरुस्त्या धरून २० तास लागत असतील तर ६,००० च्या खाली तुम्ही पदरचे घालता. आकडे तुमचे घाला, रीत हीच.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणी सहसा सक्तीची नसते. कंपन्यांची कामं घेणार असाल तर उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) करून ठेवा. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका.

एआय आणि कॅनव्हामुळे हे क्षेत्र संपणार का? आणि सुरुवातीला केवढा संगणक घेऊ?
दोन वाचक, अंबाजोगाई आणि उमरगा

शुभेच्छांच्या पोस्ट आणि झटपट बॅनर हे काम कमी होतंय, आणि ते परत येणार नाही. त्यावरच पोट असेल तर आत्ताच हात बदला. एआयने केलेल्या चित्रात मराठी मजकूर अजूनही वारंवार बिघडतो: मात्रा भलतीकडे, जोडाक्षर नसलेलंच. चित्र त्याच्याकडून घ्या, मजकूर स्वतः बसवा, आणि गिऱ्हाइकाला चित्र कसं केलं ते आधी सांगा. कीलाइन, ट्रॅपिंग, प्रूफ, मशीनवर उभं राहून रंग जुळवणं ही कामं अजून माणसाकडेच आहेत. कॅनव्हात केलेलं काम छापायचं असेल तर पीडीएफ प्रिंट, ब्लीडसह घ्या आणि काळा मजकूर तपासा.

संगणकाला १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी पुरे. पैसे उरले तर ते ग्राफिक कार्डात न घालता पडद्यात घाला: आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा), एसआरजीबी (पडद्यांची ठरलेली रंगमर्यादा) १०० टक्के. पडदा खिडकीसमोर ठेवू नका, उजेडात रंग चुकतात. परवान्याचे पैसे नसतील तर इंकस्केप, गिंप आणि स्क्रायबस ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. इंकस्केपमध्ये युनिकोड मराठी नीट बसतं. मात्र त्याचं काम आरजीबीत चालतं, म्हणून छपाईची अंतिम पीडीएफ स्क्रायबसमधून सीएमवायकेत काढा. चोरीचं सॉफ्टवेअर टाकू नका. त्यासोबत व्हायरस येतो आणि गिऱ्हाइकाच्या फाइली लॉक होतात. दर आठवड्याला सगळ्या कामांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. आणि जिथे लाइट सारखी जाते तिथे ६०० व्हीएचा यूपीएस संगणकाबरोबरच विकत घ्या, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.